जुन्या पिकअपच्या फायरवॉलचा नमदा बदलायचाय: कोणता माल, किती, आणि कुठल्या बाजूने?

केळीगाडी_यावल

राम राम मंडळी. गाडी महिंद्रा पिकअप, २०१० मॉडेल, डिझेल, एसी नाही. यावल-फैजपूरहून केळी भरून धुळे, साक्री, कोंडाईबारी घाट करत सुरतकडे जाते.

फायरवॉलचा (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याचा) केबिनकडचा नमदा, म्हणजे दाबलेल्या चिंध्यांचा जाड थर, पार भुगा झालाय. मॅट उचलली की काळा चुरा हाताला लागतो. इंजिनकडची चंदेरी गादी वरच्या दोन क्लिपांवर लोंबतेय आणि तिच्या खालच्या अर्ध्या भागात तेल मुरलंय. एप्रिल-मेमध्ये घाट चढताना ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा चपलेतूनही भाजतो. आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं.

सीट कव्हरवाल्याचं म्हणणं असं की शेडच्या पत्र्याखाली लावतात ती चंदेरी फोम शीट दोन्ही बाजूंनी सोल्यूशनने (रबरी गोंदाने) चिकटवून देतो, जुना नमदा काढायचीही गरज नाही. हे बरोबर आहे का? नसेल तर कोणता माल घ्यावा, किती लागेल, आणि डॅशबोर्ड पूर्ण उतरवावा लागेल का? काम पक्कं करायचंय, दरवर्षी पुन्हा हात लावायचा नाही.

पत्राकाम_धुळे

भाऊ, ती शेडची शीट इंजिनकडच्या बाजूला अजिबात लावू देऊ नका. ती पॉलिथिलीन फोम असते. साधारण ११० अंशांच्या आसपास वितळते, आणि पेटली तर पेटते थेंब खाली पाडते. मॅनिफोल्ड (इंजिनातला गरम धूर बाहेर नेणारा भाग) आणि टर्बोजवळ घाटात याहून कितीतरी जास्त गरमी असते. वरची चंदेरी फिल्मही बऱ्याच शीटवर नुसतं चकाकी दिलेलं प्लास्टिक असतं, खरं अ‍ॅल्युमिनियम नसतंच. कोपऱ्याचा तुकडा कापून गाडीपासून लांब चिमट्यात धरून काडी लावून बघा, लगेच कळेल.

तेल मुरलेली गादी आजच काढून टाका. नवीन माल यायला आठ दिवस लागले तरी चालेल, नुसता पत्रा परवडला. डिझेल-ऑइल प्यायलेला फायबर गरम मॅनिफोल्डशेजारी वातीचं काम करतो. आणि ते तेल कुठून आलं हे आधी शोधा: टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ब्रीदर पाइप, इंजेक्टरची रिटर्न लाइन. गळती तशीच ठेवून नवी गादी लावली तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत तीही तशीच भिजलेली असेल.

जुन्या नमद्यावर नवीन चिकटवणं म्हणजे वाळूवर भिंत. नमदा पाणी धरून ठेवतो आणि त्याच्याखाली पत्रा आतून खात जातो. तुमच्या गाडीचं वय बघता खालच्या वळणात, जिथे फायरवॉल आणि फ्लोअर जुळतात तिथे गंज निघणारच. सगळा नमदा खरवडून काढा. डांबरी थर असेल तर हीट गनने कोमट करून पटाशीने उचला. उरलेला चिकटपणा केरोसीनच्या फडक्याने, आणि शेवटचा हात थिनरचा. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली असू द्या, कारण स्टार्टरची जाड केबल आणि मेन हार्नेस (वायरींचा मुख्य जुडगा) त्याच भागातून जातात.

गंज तारेच्या ब्रशने उघडा करा. टोचणीने टोचून बघा. टोचणी आरपार गेली तर तिथे पॅच वेल्डिंग, नुसता पुट्टीचा लेप नाही. वेल्डिंग करायचं तर मागच्या बाजूच्या वायरी, होस, डिझेल पाइप बाजूला घ्या आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा. मग मेटल प्रायमर, त्यावर रंगाचा एक हात, आणि सांध्यांवर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. सीलंट पूर्ण वाळायला चोवीस तास द्या. ओल्या सीलंटवर शीट दाबली तर थिनरचा वास आत कोंडतो आणि शीटला फुगे येतात.

पाणी कुठून येतं हेही याच वेळी बघून घ्या. काचेचं जुनं रबर आणि वायपरखालच्या काउलचं, म्हणजे काचेखालच्या पन्हळीचं, ड्रेन, हे दोन मुख्य. केळीच्या गाड्यांत वाळलेल्या पानांचा चुरा त्या ड्रेनमध्ये बसतो आणि पाणी फायरवॉलच्या मागे उतरतं. नमदा काढलेला असताना वरून पाइपने हळू पाणी सोडा आणि आत टॉर्च घेऊन माणूस बसवा. नवा माल लावल्यावर ही गळती दिसणार नाही.

आता इंजिनकडची बाजू. इथे चिकटवणं नाही, बोल्टिंग. साध्या कॉन्टॅक्ट सोल्यूशनची पकड ६०-७० अंशांपुढे ढिली पडते. जळगाव-भुसावळला नुसती उन्हात उभी असलेली गाडीच तिथवर जाते, इंजिन चालू व्हायच्या आधी.

मॅनिफोल्डसमोरच्या भागाला अर्धा मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा लावा. गरम भागाच्या सावलीपेक्षा चारही बाजूंनी शंभर मिलिमीटर मोठा घ्या. फायरवॉलपासून १० ते १२ मिलिमीटर लांब, पाइपाच्या तुकड्यांचे स्पेसर घालून, एम-६ बोल्टने. वरची आणि खालची कड उघडी ठेवा म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाईल. ही पोकळी फार महत्त्वाची आहे. चकचकीत पत्रा झळ परतवतो ती हवेच्या पोकळीच्या जोरावर. तोच पत्रा फायरवॉलला घट्ट चिकटवला तर गरमी सरळ आरपार जाते आणि चकाकीचा काही उपयोग राहत नाही. धूळ बसली तरी फायदा घटतो, म्हणून सर्व्हिसिंगला ओल्या फडक्याने एकदा पुसत जा.

नट निवडताना: नायलॉनची रिंग असलेले नट टर्बोजवळ नकोत, साधारण १२० अंशांपुढे नायलॉन पकड सोडतं. पूर्ण लोखंडी लॉकनट घ्या. भोक पाडण्याआधी केबिनकडून हात घालून मागे वायर नाही ना हे बघा.

यापेक्षा जास्त रोधन हवं असेल तर पोकळीच्या मागे, फायरवॉलला लागून, १३ मिलिमीटरचा सिरॅमिक वूल ब्लँकेट. त्याचं नेहमीचं ग्रेड १२६० अंशांचं असतं, म्हणजे आपल्या कामाला भरपूर. पण तो उघडा ठेवायचा नाही: तेल पितो, आणि त्याचे तंतू फुप्फुसाला वाईट. ग्लास फायबरच्या कापडात पाकिटासारखा शिवून, वरून अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावून बसवा. कापताना मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या. बॉयलर आणि भट्टीच्या लॅगिंगचं काम करणाऱ्यांकडे तो सुटा मिळतो. दीपनगरच्या वीज केंद्रामुळे भुसावळ भागात असे कारागीर आहेत.

डॅशबोर्ड पूर्ण उतरवायची गरज सहसा पडत नाही. सीट, मॅट, खालचे प्लास्टिक पॅनल, ग्लोव्ह बॉक्स आणि स्टीअरिंग कॉलमचं कव्हर काढलं की ऐंशी टक्के फायरवॉल हाताखाली येते. वरची पट्टी, वायपर मोटरच्या आसपासची, ही राहते. तिथून झळ फार येतही नाही.

आवाजबंद_भुसावळ

वरच्या उत्तरात गरमीचं सगळं आलं. आवाजाचा हिशेब वेगळा आहे आणि तिथे लोक चुकीच्या ठिकाणी पैसे घालतात.

पहिलं काम भोकं बुजवणं. फायरवॉल साधारण १ चौरस मीटर धरा. त्यात एकूण १०० चौरस सेंटिमीटर उघडं असेल, म्हणजे १ टक्का, तर उरलेल्या भागावर शिशाचा पत्रा लावला तरी २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडणार नाही. ३५ मिलिमीटरचं एकच भोक राहिलं तरी मर्यादा ३० च्या आसपास येते. जुन्या पिकअपमध्ये हार्नेसचा ग्रॉमेट (वायरीच्या भोकातली रबरी कडी) फाटलेला असतो, स्टीअरिंग कॉलमचा रबरी बूट सुटलेला असतो, कोणीतरी म्युझिक सिस्टिमची वायर भोक पाडून नेलेली असते, गिअर लिव्हरचा बूट चिरलेला असतो. गरम हवा आणि धूरही याच वाटांनी येतात.

शोधायची पद्धत सोपी. रात्री बोनेटमध्ये एलईडी दिवा फिरवा आणि अंधाऱ्या केबिनमधून बघा. जिथे उजेड दिसतो तिथे खडूने खूण करा. ग्रॉमेट नवे बसवा. फाटक्यावर टेप गुंडाळू नका, उन्हाने सुटतो. वायरीभोवतीची फट पीयू सीलंटने. क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटर केबलच्या भोकात मात्र सीलंट भरायचा नाही, केबल हलायला हवी. तिथे रबरी बूटच लागतो.

आता थर. सगळ्यांना वाटतं बुटाईल शीट, म्हणजे ती जड काळी चिकट शीट, आवाज अडवते. ती पत्र्याची थरथर मारते, बस. पत्रा बोटाने ठोकून बघा. ढणढण वाजतो तिथे तुकडा लावा. ठक्क वाजतो तिथे गरज नाही. सपाट भागाच्या ४० ते ५० टक्के झाकलं की पुरे. सगळीकडे लावून वजन आणि पैसा दोन्ही वाढतात, फरक थोडाच.

खरा अडसर म्हणजे वरचा जड पडदा: मास लोडेड व्हिनाइल, ३ मिलिमीटरचा, चौरस मीटरला साधारण ५ किलो. पण तो थेट पत्र्याला चिकटवायचा नाही. मध्ये १० मिलिमीटरचा क्लोज्ड सेल नायट्राइल रबर फोम हवा, एसीच्या डक्टला गुंडाळतात तोच काळा फोम. फोममुळे पत्र्याची थरथर पडद्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे क्रम असा: रंगवलेला पत्रा, बुटाईलचे तुकडे, फोम, व्हिनाइल, मग मॅट.

नमदा पुन्हा लावू नका असं माझं मत. आवाज शोषायला ज्यूटचा किंवा चिंध्यांचा नमदा चांगलाच असतो, पण पाणी धरतो, आणि आपल्याकडे धान्य-केळीच्या गाडीत उंदीर त्यात घर करतो आणि शेजारची वायर कुरतडतो. क्लोज्ड सेल फोम पाणी पीत नाही.

हिशेब: फायरवॉल १ आणि पुढचा फ्लोअर गिअरबॉक्सवरच्या उंचवट्यासह दीड, असे अडीच चौरस मीटर. कापणीतली नासाडी धरून फोम आणि व्हिनाइल ३-३ चौरस मीटर घ्या, बुटाईल दीड. लावल्यावर सगळं मिळून १८-२० किलो वजन वाढतं, गाडीला ते काहीच नाही.

डांबरी शीट स्वस्त पडते म्हणून कोणी सुचवेल. रस्त्याचं व्हीजी-३० डांबर ४७ अंशांच्या आसपासच मऊ व्हायला लागतं. गाडीची डांबरी शीट त्यापेक्षा कडक बनवतात हे खरं, पण छताच्या गळतीसाठी मिळणारी चंदेरी पट्टी गाडीत नको. मे महिन्यात उभ्या पत्र्यावरून ती खाली सरकते आणि केबिनभर डांबराचा वास.

केळीगाडी_यावल

दोघांचेही आभार. गादी काढली. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळत होतं, ते बदलायला दिलंय. दिव्याने बघितलं तर स्टीअरिंगच्या बुटाभोवती अर्धचंद्राच्या आकाराची फट, आणि क्लच पेडलच्या वर दोन उघडी भोकं.

तीन शंका. मॅनिफोल्डच्या समोर गादीच्या मागे राखाडी-पांढरा पुठ्ठ्यासारखा तुकडा निघाला, कडेने भुसभुशीत. तो काय असावा? दुसरं, ब्रेक बूस्टर (ब्रेक पेडलचा जोर वाढवणारा गोल डबा) सोडवून त्याच्या मागेही फोम घालावा का, म्हणजे फट राहणार नाही? तिसरं, हे काम आत्ता उन्हाळ्यात करू की थांबू?

पत्राकाम_धुळे

पुठ्ठ्यासारखा तुकडा अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. मागच्या कोणी मालकाने बसवला असेल. हार्डवेअरच्या दुकानांत अशा शीट आणि दोऱ्या वर्षानुवर्षं विकल्या गेल्यात. नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही, म्हणून तो अ‍ॅस्बेस्टॉसच आहे असं समजूनच हाताळा. कोरडा खरवडू नका, एअरने फुंकू नका, ग्राइंडर तर नाहीच. स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि दोन थेंब भांडी घासायचा साबण घालून तुकडा चांगला ओला करा, पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचा मास्क लावा (एन-९५ पुरेसा नाही), अखंड उचला, जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधा. खालचा भाग ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकंही त्याच पिशवीत. गॅरेजमधल्या पोराकडून कोरडं खरवडून घेऊ नका, हे हात जोडून सांगतो. त्याचा धोका वीस-तीस वर्षांनी दिसतो.

बूस्टरच्या मागे फोम अजिबात नको. बूस्टर, पेडल ब्रॅकेट, स्टीअरिंग कॉलमची प्लेट, हे सगळे लोखंड लोखंडाला टेकूनच कसले पाहिजेत. मध्ये मऊ थर आला की फोम दबत जातो, बोल्ट ढिले पडतात, पेडल खोल जायला लागतं. घाट उतरताना ते कळलं तर उशीर झालेला असतो. तिथे मूळचं पातळ पॅकिंग असतं तेच नवं घाला आणि फोम-व्हिनाइल ब्रॅकेटच्या कडेपासून १० मिलिमीटर अलीकडे थांबवा. त्या रिंगणात सीलंटची वळी.

पेडलच्या मागे एकूण जाडी १५ मिलिमीटरच्या आत ठेवा. काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून तिन्ही पेडल तळापर्यंत दाबून बघा. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला जातो का आणि सोडल्यावर स्वतःहून परत येतो का, हे मॅट घातलेली असतानाही बघा. मॅटची कड अ‍ॅक्सिलरेटरखाली अडकणं हा या कामातला सगळ्यात मोठा धोका आहे. फ्लोअरच्या रबरी ड्रेन प्लगवरून शीट ओढू नका. तिथे गोल कापून ठेवा.

हंगामाचं म्हणाल तर आपल्याकडे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हे सगळ्यात चांगले. पण भाजतंय म्हटल्यावर थांबू नका. आधी इंजिनकडचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा आणि भोकं एवढं करून घ्या, अर्धा त्रास तिथेच जाईल. आतलं काम मे महिन्यात करायचंच तर पहाटे, सावलीत. ४४-४५ अंशांत बुटाईल इतकी मऊ होते की कागद सोलतानाच ताणली जाते, आणि सोल्यूशन वीत-दोन वीत लावेपर्यंत वरून सुकतं. एरवी दोन्ही बाजूंना पातळ हात देऊन दहा-पंधरा मिनिटं थांबतात. मेमध्ये मात्र तीन-चार मिनिटांत बोट लावून बघायचं, बोटाला न लागता चिकट वाटलं की दाबायचं. लहान तुकडे घ्या. पावसाळ्यात उलटा त्रास: दमट हवेत सोल्यूशनवर पांढरट साय येते आणि पकड बसत नाही. थंडीत बुटाईलला हीट गन द्यावी लागते, आपल्याकडे पहाटे आठ-दहा अंश असतातच.

साचा कापायला जुनी मॅट खाली पसरून खाकी कागदावर आखून घ्या. आधी कागद गाडीत बसवून बघा, मगच व्हिनाइलला कात्री.

जुनी४०७_चाळीसगाव

ज्यांची टाटा ४०७ किंवा १६१३ सारखी, इंजिन अर्धं केबिनमध्ये घुसलेली गाडी आहे त्यांनी वरचं जसंच्या तसं करू नये. त्या गाड्यांत खरी गळती फायरवॉलमधून नसते, ड्रायव्हर-क्लिनरच्या मधल्या बोनेटच्या कडेने असते. बोनेटच्या खालची रबरी बीडिंग दबून कडक झालेली असते आणि कुलपाची पकड ढिली. कागदाची पट्टी कडेत ठेवून बोनेट बंद करा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तिथे बीडिंग धरत नाही. ईपीडीएमची (गरमी सोसणाऱ्या रबराची) पोकळ बीडिंग घ्या, साधं फोमचं पट्टं त्या गरमीत एका हंगामात चुरा होतं. कुलूप कसल्याशिवाय नुसती बीडिंग बदलून उपयोग नाही.

बोनेटच्या आतून सिरॅमिक ब्लँकेटचं पाकीट आणि खाली जाळी किंवा भोकांचा पत्रा, रिव्हेट मोठ्या वायसरसह. लोंबणारी गादी फॅनच्या पात्यात किंवा बेल्टमध्ये गेली तर रेडिएटर फुटतो, म्हणून फॅनकडच्या कडेला पट्टी मारल्याशिवाय बोनेट बंद करू नका. बाहेरून, म्हणजे केबिनकडून, व्हिनाइल आणि रेक्झिन. बोनेटवर झोपायची किंवा जेवणाचे डबे ठेवायची सवय असते, तिथे जाड उशी घातली तरी हरकत नाही. पण जळगावची प्लास्टिकची चटई थेट बोनेटवर पसरू नका, चाळीसगाव-कन्नडचा औट्रम घाट चढून आल्यावर ती चिकटलेली सापडते.

पिकअपवाल्या भाऊंना एक सांगायचंय. आवाज इंजिनाचाच आहे ना हे आधी ठरवा. थंड इंजिन चालू केल्याबरोबर टक-टक येतो आणि गरम झाल्यावर कमी होतो, तर मॅनिफोल्डचं पॅकिंग उडालंय किंवा स्टड (मॅनिफोल्ड इंजिनच्या हेडला धरणारा बोल्ट) तुटलाय. एक्झॉस्ट तिथून फायरवॉलवरच मारा करत असतो. पत्रा भाजण्याचं ते एक मोठं कारण. पॅकिंगभोवती काजळी दिसते. आणि तो धूर भोकांतून केबिनमध्ये आला तर डोकं जड होतं, झोप येते. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो. रात्रीच्या ड्रायव्हरसाठी हे आवाजापेक्षा कितीतरी गंभीर.

इंजिन माउंटिंगही बघा. आयडलला स्टीअरिंग आणि आरसे थरथरतात आणि रेस दिल्यावर थांबतात, तर रबर गेलंय. ती थरथर चॅसीमधून केबिनमध्ये येते, तिला फायरवॉलवर कितीही माल लावला तरी अडवता येत नाही.

आवाजबंद_भुसावळ

चाळीसगावच्या दादांशी सहमत, माउंटिंग आधी. आणि मोजमाप ठेवा. काम करायच्या आधी त्याच रस्त्यावर, काचा वर करून, तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने मोबाइलच्या डेसिबल अ‍ॅपवर आकडा घ्या. पायाखालच्या पत्र्याचं तापमान इन्फ्रारेड गनने, कोंडाईबारी चढून वर आल्याबरोबर. गन चकचकीत फॉइलवर धरू नका, चुकीचा, कमी आकडा दाखवते. काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. प्रत्येक टप्प्यानंतर मोजलं की पुढचा टप्पा करायचा की नाही हे तुम्हालाच ठरवता येईल. बऱ्याच गाड्यांत भोकं बुजवून आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लावूनच समाधान होतं, व्हिनाइलचा खर्च वाचतो.

केळीगाडी_यावल

सकाळी थंड इंजिनला टक-टक येते. आधी मॅनिफोल्ड उघडतो. स्टड तुटलेला निघाला तर हेड न उतरवता निघतो का?

जुनी४०७_चाळीसगाव

स्टड हेडच्या बाहेर जरासा शिल्लक असेल तर निघतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी त्यावर नट वेल्ड करा आणि वेल्ड लाल असताना नव्हे, थोडं निवल्यावर हळूहळू मागे-पुढे करत सोडवा. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा आणि अर्थ जवळच, हेडलाच लावा. आत मोडलेला असेल तर हाताने ड्रिल मारू नका, भोक तिरकं जातं. हेड उतरवून लेथवाल्याकडे द्या. नवं पॅकिंग बसवताना मॅनिफोल्डचा तोंडाचा भाग सरळपट्टी ठेवून बघा, वाकलेला असेल तर फेसिंग करून (मशीनवर सपाट करून) घ्या, नाहीतर तोच स्टड पुन्हा तुटेल. नट मधून बाहेर अशा क्रमाने, दोन फेऱ्यांत कसा, आणि पहिल्या गरम-थंडनंतर पुन्हा एकदा पाना लावा.